बारा महिने जून

हसनभाई मुकादमांच्या स्टोअरमध्ये बारा महिने जून असायचा. बाहेर बहारीनमधल्या तुबलीच्या रस्त्यावर जानेवारीचा गार वारा सुटलेला असो, नाहीतर ऑगस्टमध्ये गॅरेजांचे पत्रे तापून करकरत असोत, बेअरिंगच्या खोक्यांवर खिळ्याला टांगलेलं ते कॅलेंडर जूनच दाखवायचं. सालही भलतंच जुनं. मी कंपनीत नवा होतो. ऑफिसातल्या माणसाने स्टोअरमधल्या माणसाला शहाणपण शिकवायचं असतं, या समजुतीने मी एकदा पान उलटायला हात वर केला. मागून आवाज आला, "हात काढ."

मी काढला. मी हात काढणाऱ्यांतलाच माणूस आहे.

"ऑक्टोबर चालू आहे, हसनभाई."

"तुझ्या ऑफिसात चालू असंल. हितं जून हाय."

त्या पानावर एक चित्र होतं. गवताने हिरवागार झालेला लांबच लांब बांध, एका अंगाला मेंढ्या, दुसऱ्या अंगाला समुद्र, दूर एक चपटं बेट, आणि बांधावरून सायकलीवर चाललेलं एक म्हातारं जोडपं. बाई पुढे, बुवा मागे. कधीकाळी जर्मनीच्या पार उत्तरेकडचा एक इंजिनिअर मशीन बसवायला आला होता. जाताना तो हे कॅलेंडर हसनभाईंना देऊन गेला. आमच्याकडे लोक सुट्टीत सायकली काढतात, किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडतात, बोटीत सायकल घालून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जातात, घाई नसते, असं काहीबाही त्याने सांगितलं होतं. तो विसरलाही असेल. हसनभाई विसरले नाहीत.

"आपल्याकडं सायकल म्हंजे पाववाला," ते म्हणायचे. "आणि हे बघ. दोगं बी पासष्टीचे. कुटं चाललेत? कुटंच नाय! आणि बाई पुढं का, ठाव हाय? जो हळू, तो पुढं. मागचा कितीबी जोरात असू दे, तिच्याच चालीनं जावं लागतं. मंग मागं कोण ऱ्हात नाय."

हसनभाई रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. वडील तांडेल, गलबतावर आयुष्य काढलेले. हसनभाई स्वतः तिशीच्या आत बहारीनला आले आणि तीस वर्षं या स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजत राहिले. बायको, सकीनाभाभी, गावी. सुरुवातीला पगार इतका नव्हता की फॅमिली व्हिसा मिळावा. पगार वाढला तेव्हा आई अंथरुणाला खिळली, तिच्याजवळ कोणीतरी हवं होतं. आई गेली तेव्हा मुलाची दहावी होती. गुदैबियात आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर, ते चौघांत एक खोली करून राहायचे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, सहकुटुंब. माझी बायको रीटा सणासुदीला डबा खाली पाठवायची. रिकामा डबा वर येताना त्यात खजूर असायचे आणि निरोप, "वसईवाल्यांनो, तिखट कमी पडलं."

वर्षाला एक महिना रजा. तीस वर्षांत तीस महिने. ते कुठे गेले याचा हिशेब हसनभाई एका श्वासात सांगायचे: तीन बहिणींची लग्नं, घराचा स्लॅब, विहीर, चुलतभावाची जमिनीची भांडणं, आईची दोन ऑपरेशनं, मुलाचं लग्न. "सुट्टी आपली नसते, फ्रान्सिस. गावाची असते. आपण फकस्त पोचवायला जातो."

आता माझ्या अपराधाकडे येतो. ऑफिसात रजेचा चार्ट माझ्याकडे होता. भिंतीवर मोठा कागद, वरती महिने, खाली नावं. स्टोअर आणि डिस्पॅच मिळून आम्ही जे तीनचार जण, त्यातले दोघं एका वेळी रजेवर जायचे नाहीत, हा मॅनेजरचा नियम. चार्ट मी नेहमी पेन्सिलीने भरायचो. गल्फमधला कुठलाही क्लार्क तसाच भरतो. कारण कोणाची रजा कधी गावच्या कुठल्या लग्नाने, बारशाने, मयतीने सरकेल, सांगता येत नाही. आम्ही एकमेकांच्या रजा अशा बदलायचो, जसे शेजारी वाटीभर साखर मागतात.

एका वर्षी जानेवारीत हसनभाई माझ्या टेबलाशी आले. हातात टोपी, चेहऱ्यावर नवरदेवाचं हसू.

"लिही. जून. आख्खा."

"गावी काय आहे?"

"गावी कायबी नाय. म्हनूनच चाललोय." त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि जूनच्या चौकटीत, मी इंग्रजीत लिहिलेल्या त्यांच्या नावाखाली, मराठीत लिहिलं: सकीना.

संध्याकाळी मॅनेजर चार्टासमोर थांबला. "व्हॉट इज धिस? न्यू स्टाफ?"

"स्टोअर्स, सर," मी म्हणालो. त्याला ते पटलं.

मग त्या थंडीत दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत एक शाळा सुरू झाली. आमच्याकडे साडेबारा, तिकडे तीन. गाव जेवून आडवं झालेलं असायचं आणि कोणी बघणारं नसायचं, म्हणून भाभींनी ती वेळ निवडली होती. फोन बेअरिंगच्या खोक्याला टेकवलेला. पडद्यावर रत्नागिरीचं अंगण, एक लेडीज सायकल, तिच्यावर चोपन्न वर्षांच्या सकीनाभाभी, आणि सीट धरून धावणारी, हसून दम लागलेली सून.

"पुढं बघ! चाकाकडं बघू नको!"

"चाकाकडं नको बघू, तर काय तुमच्या तोंडाकडं बघू?"

"बघ की! तीस वरसांत कितीसं बघितलंस?"

मी तिथे डबा खात बसलेला असायचो.  त्या दिवशी पलीकडून भाभींचा आवाज आला, "बघन्यासारखं व्हतं तवा तुमी हिकडं नव्हताव. आता ऱ्हायलंय काय बघायचं!" आणि त्या पेरूच्या झाडावर जाऊन आदळल्या.

गुडघा सुजला. पंधरा दिवस शाळा बंद. पण त्यातून एक कलम ठरलं. "दिसाला अठरा किलोमीटर," भाभींनी बजावलं. "एकुनीसावा म्हनालात तर मी उतरून चालत येईन." हसनभाईंनी वहीत सगळ्या मुक्कामांची आखणी केली होती, जर्मनीच्या त्या किनाऱ्याच्या नकाशावर सुतळी ठेवून अंतरं मोजली होती. ती सगळी खोडली आणि अठरा-अठराने पुन्हा मांडली. मी विचारलं, तिथले लोक दिवसाला साठ-सत्तर करतात म्हणे. "करू देत. आमी मफी घाई, घाई नायच. समुद्र काय पलून जातोय?"

हे त्यांचं पेटंट वाक्य. ट्रक लागला असताना पार्ट सापडत नसला, ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" करत नाचत असला, तरी हे आपले खोकी उतरवत म्हणायचे, समुद्र काय पलून जातोय?

एप्रिलमध्ये आमच्या घरी वसईहून फोन आला. माझ्या मेव्हण्याच्या लग्नाचा रौप्यमहोत्सव. तारीख जूनमधली, हॉल ठरलेला, ब्रास बँड ठरलेला, आणि टोस्ट मी द्यायचा असंही परस्पर ठरलेलं. रीटा म्हणाली, "तुला रजा मिळणार नाही, मी एकटी जाते." सरळ मार्ग होता. पण टोस्ट! मला कोणी कधी बोलायला सांगत नाही, आणि सांगितलं की मी हरभऱ्याच्या झाडावर चढतो. मी स्टोअरमध्ये गेलो. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोललो. हसनभाई बघत होते.

"बोल की. किती घोळवशील?"

मी बोललो. त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं नाही, हे मला चांगलं आठवतं. हातातला बोल्ट पुसत राहिले.

"पंचवीस वरसं एका घरात ऱ्हायली ती दोगं?"

"हो."

"मंग मोठीच गोष्ट. जा तू. आमी पुढल्या जूनला जाऊ."

"भाभी रागावतील."

"तिला सवय हाय. समुद्र काय पलून जातोय?"

मी ऑफिसात आलो, रबर घेतलं, जूनची चौकट खोडली आणि माझं नाव लिहिलं. टोस्ट दिला. बँडवाल्यांनी मध्येच सुरुवात केल्याने पहिल्या टेबलापलीकडे तो कोणालाही ऐकू गेला नाही.

पुढच्या जानेवारीत सकीनाभाभी गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत आटोपलं. इमर्जन्सी लीव्हचा फॉर्म मीच भरला. कारण या रकान्यात काय लिहायचं ते मला माहीत होतं, तरी पेन उठेना. हसनभाई मुंबईला उतरून गाडीने गावी पोचले तोवर दफन झालं होतं. मयत थांबवत नाहीत. त्यांना ओली माती तेवढी मिळाली.

पंधरा दिवसांनी ते परतले. मी स्टोअरकडे जायचं टाळत होतो. कागद शिपायाबरोबर पाठवायचो, फोनवर बोलायचो. चौथ्या दिवशी तेच आले. दाढी वाढलेली, बाकी तसेच.

"चार्टात माझा जून हाय ना?"

"आहे, हसनभाई."

"तुझंबी नाव लिही. तू येनार."

दोघांना एकदम रजा नाही, हा नियम मीच वर्षानुवर्षं लोकांना ऐकवत आलो होतो. मॅनेजरसमोर माझा आवाज एरवी पाण्यात भिजलेल्या फटाक्यासारखा असतो. त्या दिवशी मी काय बोललो ते मला सांगता येणार नाही. बाहेर आलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि फॉर्मवर सही होती. रीटाला सांगितलं. ती म्हणाली, "जा. आणि तोंड बंद ठेव, टोस्ट देऊ नकोस."

मी शेवटचा सायकलवर बसलो होतो तेव्हा हाफ पँटमध्ये होतो. हसनभाईंनी मला हमद टाउनच्या गोल चौकांवर दर शुक्रवारी पहाटे नेऊन फिरवलं. पहिल्या चौकात माझं पोट आधी वळायचं, मग हँडल, मग मी.

आणि आम्ही गेलो. उत्तरेकडचा तो समुद्र, ते बांध, ती बेटं. पहिल्याच दिवशी आम्ही बहारीनचे असल्याचं सिद्ध केलं. आपल्याकडे सायकल चालवायची तर उजाडताच निघायचं आणि उन्हाच्या आत परतायचं. त्या हिशेबाने आम्ही पहाटे साडेचारला डोक्याला पंचे बांधून, प्रत्येकी चार बाटल्या पाणी लादून बोटीच्या धक्क्यावर हजर. स्वच्छ उजाडलेलं, चिटपाखरू नाही, आणि दात वाजवणारी थंडी. पहिली बोट साडेनऊला होती. कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका आजीबाईंनी इंग्रजीत विचारलं, काही अडचण आहे का?

"नो मॅडम," हसनभाई म्हणाले. "सन. टू मच सन विल कम."

आजीबाईंनी आकाशाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "आम्ही त्याची वर्षभर वाट बघतो," त्या म्हणाल्या. दहा मिनिटांनी त्यांनी घरून थर्मासमध्ये कॉफी आणून दिली.

बेटावर उतरल्यावर बांध बघून हसनभाई सायकलवरून खालीच उतरले. बुटाच्या टाचेने माती दाबून पाहिली. "हा तर आमचा खारबंधारा! भरतीचं पानी शेतात येऊ नये म्हनून बांधतात तो. फकस्त ह्यांनी फुटू दिला नाय." पुढचे आठ दिवस बहुतेक बांधावरच गेले. लव्हाळी, मेंढ्या, गवताची छपरं असलेली घरं, आणि पावात कांदा घालून दिलेला आंबट मासा. तो खाऊन हसनभाई म्हणाले, "मासा बरा हाय, बिचाऱ्याला कोनी शिजवलं नाय."

रोज निघताना मी पुढे जायला लागलो की ते म्हणायचे, "तू मागनं ये." मग आमची वरात निघायची. सगळ्यात मागे धापा टाकत मी. माझ्यापुढे हसनभाई. ते इतके हळू चालवायचे की सायकल चालण्यात आणि पडण्यात एवढंसंच अंतर उरायचं. साठीचा तो माणूस पायांत जोर असून मध्येच ब्रेक दाबायचा, मध्येच पॅडल सोडायचा, सारखा समोर दोन हात अंतरावर नजर ठेवून. बांध सरळ, रस्ता मोकळा. आजी-आजोबा घंटी वाजवून आम्हाला मागे टाकून जायचे. मला वाटलं, माझ्या पोटाची दया येते त्यांना. मी मोठेपणाने म्हणालो, "हसनभाई, माझ्यासाठी थांबू नका, जा पुढे." त्यांनी मान वळवली नाही. "तुझ्यासाठी कोन थांबलंय?"

चौथ्या दिवशी मुक्काम जरा लांब होता. अठरा किलोमीटर झाल्यावर ते उतरले आणि सायकल हातात धरून चालू लागले. मीही आनंदाने उतरलो, माझ्या सीटने केव्हाच जीव नकोसा केला होता. "पंक्चर?" मी विचारलं.

"नाय. हा एकुनीसावा."

तेव्हा मला त्या मोकळ्या रस्त्यावरची, त्यांच्या पुढची जागा दिसली. जो हळू, तो पुढं. राहिलेला किलोमीटर आम्ही चालत गेलो. मी काही बोललो नाही. रीटाने बजावलंच होतं.

सहाव्या दिवशी दुपारी आम्ही बांध चढून वर आलो आणि थबकलो. समुद्र नव्हता. सकाळी बोटीतून येताना जिथे पाणी होतं तिथे चिखल, मैलोगणती चमकणारा करडा चिखल, पार क्षितिजापर्यंत. ओहोटी खाडीकाठच्या माणसाला नवी नाही. तुबलीच्या खाडीतही पाणी हटून चिखल उघडा पडतो. पण हे वेगळं होतं. समुद्र दिसेल इतक्या अंतरावर कुठेच नव्हता. तळावर माणसं चालत निघालेली, मुंग्यांसारखी.

हसनभाई बराच वेळ बघत राहिले. मग सायकल गवतात आडवी टाकून खाली बसले.

"फ्रान्सिस," ते म्हणाले, "पलून गेला रे."

मी त्यांच्या शेजारी बसलो. आणि बोलून टाकलं. "हसनभाई, ती जूनची रजा. मी मागायला नको होती. त्या टोस्टसाठी, तो कोणी ऐकलाही नाही, आणि भाभी..."

"गप."

"नाही, मला बोलू द्या..."

"गप, सांगतो ना. तू मागितलीस. दिली मी. तीस वरसं मीच देत आलो. भैनीला दिली, भावाला दिली, स्लॅबला दिली. जिची व्हती तिला इचारलं नाय कवा." त्यांनी गवताची काडी तोडली. "त्या दिसी फोन केला, सांगितलं, पुढल्या वरसी जाऊ. ती म्हनाली, बरं. फकस्त बरं. मंग म्हनाली, सायकल धुवून ठेवते, गंजेल. तिच्या तीस 'बरं'मधलं तुझं एक हाय, फ्रान्सिस. तू कशाला सगल्याचं वजन उचलतोस? हे माझं हाय. मला ऱ्हाऊ दे."

मला रडू आलं. मी रडलो की माझा चेहरा फार विनोदी होतो, असं माझी मुलगी म्हणते. मेंढ्या चरत होत्या. हसनभाईंनी पंचा माझ्याकडे टाकला.

आम्ही तिथून उठलो नाही.  दुपार कलली, वाऱ्याची दिशा बदलली, आणि चिखलातल्या नाल्यांमध्ये आधी एक बारीक चकाकणारी रेघ आली, मग दुसरी, मग कुठून कसं कळेना, सगळीकडून पाणी. तांडेलाचा मुलगा उभा राहून बघत होता. पाणी बांधाच्या पायथ्याच्या दगडांना लागलं तेव्हा तो पुटपुटला, "हा येतो परत." 

त्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली. "खलास," म्हणाले, "आता सुट्टी न्यायला कोन ऱ्हायलं नाय." विमानतळावर रीटाने दिलेला डबा त्यांनी हातातल्या पिशवीत ठेवला. मला वाटलं होतं, कॅलेंडर नेतील. "ते ऱ्हाऊ दे भिंतीवर," म्हणाले, "घरी सायकल हाय."

गावी ते रोज दुपारी तीनला भाभींची लेडीज सायकल काढून खारबंधाऱ्यावर जायचे, असं त्यांचा मुलगा सांगतो. गावातली पोरं हसायची, म्हातारा चालवतो की ढकलतो म्हणून. मागच्या वर्षी गेले, झोपेत. मुलाचा फोन आला तेव्हा मी चार्ट भरत होतो.

त्या संध्याकाळी घरी मी रीटाला म्हणालो, येत्या जूनमध्ये आपण दोघं जायचं. ती म्हणाली, "जूनमध्ये भाच्याचा साखरपुडा आहे." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "मला सायकल येत नाही हं, फ्रान्सिस." मी म्हणालो, "तू पुढे राहा." आता शुक्रवारी सकाळी हमद टाउनच्या चौकांवर लोक आम्हाला बघून गाड्या हळू करतात. रीटा ओरडते, "घाई करू नकोस!" मी म्हणतो, "घाई कसली?" त्यापुढचं वाक्य तोंडाशी येतं आणि तिथेच राहतं.

आमची नावं मी चार्टात पेनने लिहिली. लिहायच्या आधी कपाटातला रौप्यमहोत्सवाच्या वर्षीचा चार्ट काढला होता, तो जुन्या गठ्ठ्यांत मी जपून ठेवला आहे. जूनच्या चौकटीत माझं नाव आहे. कागद खिडकीशी तिरका धरला की खालचं खोडलेलं दिसतं, पेन्सिलीचा दाब रबराने जात नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी हसनभाईंचं नाव खोडलं. उजेडात नीट पाहिलं तर तिथे दोन नावं आहेत. त्यांचं पुसट झालंय. खालचं, मराठीतलं, अजून वाचता येतं.